डॉर्टमुंड दरवर्षी चांगला पोरगा विकतं, मग कप कधी आणणार?

पेठेचा_खजिनदार

रामराम मंडळी. मी कोल्हापूरचा. अकरा वर्षं झाली, आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा खजिनदार आहे. पेठ कुठली ते सांगत नाही, कारण पुढं लिहितोय ते घरातलं आहे.

पुतण्या सोळा वर्षांचा. शाहू स्टेडियमवर आमची मॅच असली की हा सगळ्यांच्या आधी पायऱ्यांवर, आणि शनिवारी रात्री पिवळी जर्सी घालून टीव्हीपुढं. बोरुसिया डॉर्टमुंड हा जर्मनीतला क्लब म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणि दर उन्हाळ्यात त्याचं एकच रडगाणं: सांचो गेला, हालांड गेला, बेलिंगहॅम गेला. बेलिंगहॅमचं पोस्टर त्यानं २०२३च्या जूनमध्ये भिंतीवरनं काढलं. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा निघाला. ती जागा अजून तशीच आहे, रंगवू देत नाही.

मी आजवर त्याला सांगत आलो की बाबा, क्लब चालवायचा म्हणजे पैसा लागतो. पण आता माझंच मन डळमळलंय. का ते सांगतो.

तीन वर्षांमागं आमच्या कमिटीनं बाहेरचे दोन खेळाडू आणले. मानधन, राहायची खोली, जेवण, सगळं आमच्यावर. पैसे नव्हते. त्या हंगामात एका मोठ्या स्पर्धेचं बक्षीस चांगलं होतं आणि संघ तगडा होता, म्हणून चौघांच्या सहीवर पतसंस्थेतनं ४ लाख उचलले. बक्षीस आलं की भरू, असं ठरलं. उपांत्यपूर्व फेरीत टायब्रेकरवर हरलो. पुढची दोन वर्षं तालमीची निम्मी वर्गणी हप्त्यात गेली. १४ वर्षांखालच्या पोरांना बूट घेतले नाहीत. त्यातला एक पोरगा पुढं दुसऱ्या पेठेकडनं खेळायला लागला, आणि आमच्याविरुद्ध गोल मारून आमच्याच कट्ट्याकडं बघून हात जोडले त्यानं. तो चेहरा मला विसरता येत नाही.

आता परत तीच चर्चा. बाहेरचा एक स्ट्रायकर आणायचा. मी नको म्हणालो तर पोरं म्हणतात, काका, तुम्ही वही सांभाळा, कप आम्ही बघतो.

क्लब चालवणाऱ्यानं आधी काय बघायचं, कप का वही? डॉर्टमुंड करतं ते शहाणपण का भित्रेपणा? ज्यांना खरी माहिती आहे त्यांनी लिहा. मला पुतण्यालाही सांगायचंय आणि कमिटीतही.

रविवार_गोल

माझ्या मते भित्रेपणा. विकणाऱ्या क्लबची सवय होते लोकांना. खेळाडू येतानाच जायची तारीख ठरवून येतो. बायर्न म्युनिकनं २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा जर्मनीची लीग जिंकली, कारण ते चांगला खेळाडू सोडत नाहीत, उलट डॉर्टमुंडचेच घेतात: ग्योत्झे, लेवांडोव्स्की, हुमेल्स. आणि ‘पैसा नाही’ हे कारण धरायचं तर त्याच लीगमधलं लेव्हरकुसेन बघा. २०२४मध्ये एकही मॅच न हरता लीग घेतली. चांगली पोरं एक वर्ष धरून ठेवली, एवढंच केलं. पुतण्या बरोबर आहे.

रुहरकाठचा_सांगलीकर

दादा, मी मूळचा सांगलीचा. २०१२च्या ऑक्टोबरात शिकायला डॉर्टमुंडला आलो आणि इथलाच झालो. इथल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत हिशोबाच्या विभागात आहे, म्हणजे दिवसभर मीही वहीच बघतो. आणि पुतण्यासारखाच पिवळा आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी लिहितो. जरा लांबेल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. हॉश नावाच्या पोलाद कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं. तो कारखाना २००१मध्ये बंद झाला, भट्टी उचलून चीनला नेली. मैदानाच्या दक्षिण कट्ट्यावर, म्हणजे दक्षिणेकडच्या उभ्यानं बघायच्या गॅलरीत, त्यांचं हंगामाचं तिकीट आहे. गुडघा दुखत असला की ते तिकीट माझ्याकडे येतं. पहिल्यांदा दिलं तेव्हा घरात बोलावून एक ड्रॉवर उघडून दाखवला. आत बँकेचा कागद होता: बोरुसिया डॉर्टमुंडचे २०० शेअर, ११ युरोंना एक, ऑक्टोबर २०००. ‘मैदानावर जायच्या आधी हे बघून ठेव,’ म्हणाले.

त्या कागदाची गोष्ट म्हणजेच तुमच्या ४ लाखांची गोष्ट आहे. फक्त शून्यं जास्त.

१९९५ आणि १९९६ला लीग जिंकली, १९९७ला म्युनिकमध्ये इटलीच्या युव्हेंटसला ३-१ हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा घेतली. शिखर ते. तिथून पुढच्यांना वाटलं की आता हे असंच चालणार. क्लब शेअर बाजारात उतरवला, जर्मनीत असं करणारा पहिला. आजोबांसारख्या हजारो लोकांनी शेअर घेतले. नफ्याची आशा नव्हती, आपल्या क्लबचा कागद आपल्या घरात असावा म्हणून घेतले. त्या पैशातून रोझित्स्की आला, आमोरोझो आला. एकट्या आमोरोझोवर ५० दशलक्ष मार्क (तेव्हाचं जर्मन चलन, साधारण २५ दशलक्ष युरो) लागले. २००२ला लीग मिळाली, म्हणजे खर्च फुकट गेला असंही नाही. पण पगार एवढे चढले की दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये गेलंच पाहिजे, तरच गाडा चालणार, असं झालं. पैसा कमी पडला तेव्हा मैदान विकलं आणि आपल्याच मैदानात भाड्यानं राहायला लागले.

मग २७ ऑगस्ट २००३. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत बेल्जियमच्या क्लब ब्रुग्गेबरोबर घरच्या मैदानावर पेनल्टी शूटआऊटमध्ये हरले. तुमचा टायब्रेकर आठवा, दादा. जे पैसे वहीत आधीच जमेला धरले होते ते आलेच नाहीत. २००३-०४च्या मोसमात तोटा ६७ दशलक्ष युरोंच्या वर. २००४मध्ये बायर्नकडून २ दशलक्ष युरो उसने घ्यावे लागले. ज्यांच्याशी हाडवैर, त्यांच्याकडून. आजोबांना याचा राग नाही, लाज आहे. आजही ते ‘बायर्नचे पैसे’ असं हळू आवाजात म्हणतात.

शेवटी १४ मार्च २००५. ज्या फंडाकडे मैदान होतं त्याच्या गुंतवणूकदारांची सभा ड्युसेलडॉर्फ विमानतळावर भरली. हे कुणी धनदांडगे नव्हते, साठवलेला पैसा लावलेली हजारो साधी माणसं होती. त्यांनी भाड्याची सवलत मान्य केली नसती तर क्लब त्याच दिवशी दिवाळखोरीत गेला असता. आजोबा दिवसभर रेडिओपाशी बसून होते. ९४ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. रेडिओवर ते ऐकून त्यांच्या बायकोनं केक करायला घेतला, आणि आजी गेल्यावरही १४ मार्चला त्यांच्याकडे तो केक असतो. बेकरीतून आणतात आता.

ज्या माणसानं त्या वेळी क्लब हाती घेतला तो हान्स-योआखिम वाट्झके. त्याचा स्वतःचा धंदा कामगारांचे कपडे बनवायचा. आणि त्याआधी २००१ पासून तो क्लबात काय होता माहिती आहे? खजिनदार. २०२५च्या नोव्हेंबरात सभासदांनी त्याला अध्यक्ष केलं. कमिटीतल्या पोरांना हे जरूर सांगा.

आता मुद्दा. डॉर्टमुंडची चूक चांगले खेळाडू आणले ही नव्हती. न आलेलं बक्षीस जमेला धरलं ही होती. जिंकणं हे वहीत जमेच्या बाजूला लिहायचंच नाही. जिंकलं तर वरकड, हरलं तर ठरलेलं चालू. २००५नंतर इथं हाच नियम पाळला गेला आणि त्यातूनच कप आला, उलटं झालं नाही. २००८ला क्लॉप प्रशिक्षक म्हणून आला. पैसे नव्हते, म्हणून डोळे उघडे ठेवून पोरं शोधली. कागावा जपानमधून अवघ्या साडेतीन लाख युरोंना आला. लेवांडोव्स्की पोलंडमधून साडेचार दशलक्षच्या आसपास. पिश्चेक फुकट. यांनी २०११ आणि २०१२ला लीग जिंकली, आणि २०१२च्या जर्मन कपच्या अंतिम सामन्यात बायर्नला ५-२. आमोरोझोच्या एकट्याच्या पैशात हे तिघं पुन्हा पुन्हा विकत घेता आले असते.

रविवार_गोल, तुमचं म्हणणं मला पटतं त्यापेक्षा जास्त लागतं. ग्योत्झे इथल्या अकादमीत वाढलेला. २३ एप्रिल २०१३ला बातमी आली की ३७ दशलक्ष युरोंना बायर्न त्याला नेतंय. करारातच तेवढी रक्कम लिहिलेली होती, क्लबला नाही म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्पेनच्या रेआल माद्रिदशी चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना. मी तेव्हा विद्यार्थी, स्टेशनजवळच्या एका पबमध्ये उभा राहून बघितला. लेवांडोव्स्कीनं चार गोल मारले आणि आजूबाजूची माणसं नाचता नाचता रडत होती. आनंद आणि दगा एकाच पोटात. ते मी कधी विसरणार नाही, आणि कुणी ‘हा धंदा आहे’ म्हणालं की मला तो पब आठवतो.

वहीत हे कसं दिसतं तेही सांगतो, कारण खजिनदाराला हे माहीत हवं. २० दशलक्षला चार वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला, तर वहीत दरवर्षी ५ दशलक्ष खर्ची पडतात. तो विकला की त्याची उरलेली किंमत वजा जाऊन बाकी सगळं त्याच वर्षी नफा. म्हणजे घेणं सावकाश दिसतं, विकणं एकदम दिसतं. आणि अकादमीतून आलेल्या पोराची वहीत किंमतच नसते, त्यामुळे त्याची रक्कम जवळपास पूर्ण नफा. म्हणून अडचणीतला क्लब सगळ्यात आधी घरच्या पोराला बाजारात उभा करतो. ज्याच्यासाठी लोक येतात त्यालाच. हिशोब बरोबर असतो आणि गोष्ट चुकीची असते.

बेलिंगहॅम १७ वर्षांचा असताना २५ दशलक्षच्या आसपास घेतला, तीन वर्षांनी माद्रिदला १०३ दशलक्षला गेला. डेंबेले १५ला आणला, वर्षभरात बार्सिलोनाला १०५ दशलक्ष आणि वर अटींवरचे पैसे, एवढ्याला गेला. ही रक्कम नाकारून त्याला ठेवला असता तर? तो सरावालाच येत नव्हता. मनानं गेलेला माणूस कागदावर धरून ठेवता येत नाही. पण पैसा आल्यावर काय केलं, हा प्रश्न रास्त आहे. त्यातला बराचसा नंतर अशा खेळाडूंवर गेला की ज्यांची नावं आजोबांना आठवत नाहीत. तिथं मी क्लबची बाजू घेणार नाही.

पुतण्याला एक दिवस मात्र सांगा. २७ मे २०२३. घरच्या मैदानावर माइन्झला हरवलं की लीग आमची. आजोबांनी त्या दिवशी तिकीट दिलं नाही, स्वतः गेले, काठी घेऊन. मी बाहेर चौकात हजारो लोकांत. अर्ध्या तासाच्या आत ०-२, आमच्या हालेरची पेनल्टी अडवली गेली, शेवटी २-२. तिकडे कोलोनमध्ये बायर्नच्या मुसियालानं ८९व्या मिनिटाला गोल केला आणि गुण सारखे असून गोलफरकावर बायर्न. त्या वर्षी बेलिंगहॅम विकला नव्हता. होता आमच्याकडे, दुखापतीनं बाकावर बसून. विकलं म्हणून हरलो असं त्या दिवसाबद्दल कुणालाच म्हणता येत नाही. संध्याकाळी आजोबा जिन्यात भेटले. टोपी हातात. म्हणाले, ‘पुढच्या वर्षी क्लब आहे ना? मग ठीक.’

२००५ बघितलेला माणूस असं बोलतो.

आणखी एक, पैसा कुठून घ्यायचा यावर. मे २०२४मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या तोंडावर, क्लबनं राइनमेटाल या शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीशी जाहिरातीचा करार केला. लोक संतापले. त्याच वर्षीच्या सभेत हजर सभासदांनी बहुमतानं विरोध नोंदवला. क्लबला त्यासाठी करार मोडावा लागला नाही, पण निदान उभं राहून बोलायला जागा होती. जर्मनीत ५०+१ चा नियम आहे: बाहेरचा पैसा कितीही येवो, निर्णयाचा हक्क सभासदांच्या संस्थेकडेच राहिला पाहिजे. आजोबांचे २०० शेअर आहेत, बड्या कंपन्यांकडे लाखो आहेत, पण क्लब कोण चालवणार हे शेअरवाले ठरवत नाहीत. काही वर्षी शेअरमागे ६ सेंट लाभांश मिळतो. आजोबांना १२ युरो. शेअरचा भाव आज ११च्या निम्म्यालाही नाही. दक्षिण कट्ट्यावर मात्र साधारण २५ हजार माणसं उभं राहून मॅच बघतात आणि हंगामाचं तिकीट अडीचशे युरोंच्या आतबाहेर आहे, मॅचच्या दिवशीचा बस-ट्रेनचा प्रवास त्यातच. ते तिकीट दुप्पट केलं तरी विकलं जाईल. करत नाहीत. हाही जमाखर्चच आहे, दादा. त्या कट्ट्यावरच्या आवाजासाठी पोरं इथं येतात.

तुमच्या तालमीसाठी, मला विचाराल तर: वर्गणी, देणगी, पक्के कबूल झालेले पैसे, एवढंच जमेला धरा. युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना आता नियम आहे की खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवायचा. तुम्हीही शंभरातले सत्तर धरा, पण १४ वर्षांखालच्यांचे बूट आधी बाजूला काढून. मग उरलेल्यात स्ट्रायकर येत असेल तर आणा की! जिंकायची इच्छाच नसेल तर वही तरी कशासाठी ठेवायची?

रविवार_गोल

वाचलं. पबचं वाचून गप्प झालो. पण लेव्हरकुसेनचं उत्तर राहिलं.

रुहरकाठचा_सांगलीकर

लेव्हरकुसेनच्या मागे बायर ही औषधांची कंपनी आहे, क्लब कारखान्यातूनच जन्मला म्हणून त्यांना ५०+१ मधून जुनी सूट आहे. त्यांचं कौतुक कमी करत नाही, ते वर्ष सुंदर होतं. पण एक वर्ष धरून ठेवायची ताकद मागे कुणीतरी उभं असल्यानं येते. आणि लीग जिंकून जेमतेम वर्ष उलटलं तोच २०२५मध्ये प्रशिक्षक माद्रिदला गेला, त्यांचा हुकमी खेळाडू विर्ट्झ लिव्हरपूलला. आम्ही त्याच मोसमात मार्चमध्ये अकराव्या नंबरावर होतो आणि शेवटच्या दिवशी चौथे येऊन चॅम्पियन्स लीगची जागा मिळवली. ते साल २००३ असतं तर मार्चमध्येच पगाराची चिंता लागली असती. या वेळी चिंता फक्त खेळाची होती. मला हा फरक मोठा वाटतो.

फातोर्डाच्या_पायऱ्या

मडगावहून लिहितोय. सांगलीकरांनी छान मांडलंय, पण आमच्याकडचं दुखणं निराळं आहे. इथं वही आणि कप यांची लढाईच कधी झाली नाही, कारण वही आमच्या हातात कधी नव्हतीच.

मी लहानपणापासून धेंपो हा आमचा गोव्याचा क्लब बघितलाय. पाच राष्ट्रीय विजेतेपदं: दोन राष्ट्रीय लीगची, तीन तिच्या जागी आलेल्या आय-लीगची. आर्मांदो कुलासो यांचा संघ, बहुतेक पोरं गोव्याची. २००८ला एएफसी कप या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेले. याहून जास्त मैदानावर काय करायचं असतं? पण तिकिटाचा पैसा नगण्य, टीव्हीचा नाही, खेळाडू विकून मोठी रक्कम देणारा बाजार नाही. मालकाच्या घरचा पैसा, मालकाची माया. आमच्याकडच्या बहुतेक मोठ्या क्लबांमागे असंच एखादं घराणं होतं. २०१६ला लीगची फेररचना जाहीर झाली आणि वरची लीग आय-लीग नाही, आयएसएल (इंडियन सुपर लीग) होणार हे दिसलं तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. कोण हरलं म्हणून नाही. धेंपोनं पोरांची अकादमी चालू ठेवली, म्हणून २०२४-२५ला तो परत आय-लीगमध्ये दिसला. मी त्या दिवशी वडिलांचा जुना निळा-पांढरा स्कार्फ काढला.

आणि आताचं बघा. ७ डिसेंबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. एफसी गोवानं ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप घेतला. त्याआधी ऑक्टोबरात सौदीचं अल नस्र इथं खेळून गेलं, आपण १-२ हरलो पण ब्रायसनचा गोल अजून डोळ्यांपुढे आहे. कप घेऊन घरी आलो, आणि दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, भारतीय फुटबॉल महासंघाचा आयएसएल चालवणाऱ्या कंपनीशी असलेला १५ वर्षांचा करार संपला. लीग कधी सुरू होणार हे त्या दिवशी कुणाला सांगता येत नव्हतं. विजेत्या संघाला पुढची लीग मॅच कधी ते माहीत नाही! ऑगस्टातच बंगळुरूनं पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं होतं. डिसेंबर संपता संपता मँचेस्टर सिटीवाल्या सिटी ग्रुपनं मुंबई सिटीतून पाय काढला, तो क्लब दोनदा आयएसएल कप जिंकलेला.

खजिनदारदादा, तुमच्या तालमीला निदान पेठ आहे. मालक नाही. ते जपा.

मामुर्डी_ते_बालेवाडी

पुण्याचा. फातोर्डाकरांच्या पुढे दोन ओळी. आमच्या बालेवाडीवर एका दशकात तीन क्लब आले नि गेले. पुणे एफसी २०१२-१३ला आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ला बंद. भारत एफसी एकच मोसम. एफसी पुणे सिटी २०१९ला संपला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं २०२१-२२ला आयएसएल कपही जिंकला, आणि दोन वर्षांच्या आत पगार थकून संघ रिकामा झाला.

मी पुणे एफसीच्या मामुर्डीच्या मैदानावर सरावाला जायचो, १६ वर्षांखालच्या मुलांत. शेवटच्या महिन्यात काय झालं ते कुणी आम्हाला नीट सांगितलं नाही. एके दिवशी माळीकाका मैदानाला पाणी मारत होते आणि बाकी कुणी नव्हतं. आम्ही चौघं त्या ओल्या गवतावर तासभर खेळलो, काका काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, ‘या उद्यापण, मी आहे.’

म्हणून माझं मत सांगलीकरांपेक्षा थोडं पुढचं आहे. जमेला काय धरायचं हे महत्त्वाचं आहेच. पण ‘आता बंद करू’ म्हणायचा हक्क एकाच माणसाकडे असेल तर कितीही नीट ठेवलेली वही त्या एका सहीपुढे चालत नाही. ५०+१ सारखं काही आपल्याकडे यावं, निदान क्लबच्या नावावर, रंगांवर आणि अकादमीवर सभासदांचा हक्क असावा, असं मला मनापासून वाटतं. क्लब गेला तरी चालेल असं फक्त त्यालाच वाटू शकतं ज्याला दुसरा धंदा आहे.

पेठेचा_खजिनदार

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. पुतण्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. २७ मेचं आलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. परत आल्यावर म्हणाला, त्या आजोबांचं परत वाच.

रविवारी कमिटी झाली. वही नेली होती. या साली किती पक्कं येणार ते एकेक करून फळ्यावर लिहिलं. वर्गणी आणि दोन देणगीदारांचे कबूल पैसे मिळून ३ लाख १० हजार. एक जण म्हणाला, निवडणुकीतले साहेब देतो म्हणालेत, ते धरा. मी म्हणालो, हातात आल्यावर धरू. बक्षीस लिहायला लागले तेव्हा मी खडूच काढून घेतला. पोरं चिडली, पण ब्रुग्गेचं सांगितल्यावर टायब्रेकर मारलेला आमचा पोरगाच म्हणाला, काकांचं बरोबर आहे. त्यानं तो चेंडू बारवर मारला होता. तीन वर्षं त्या विषयावर तोंड उघडलं नव्हतं त्यानं.

आधी २२ जोड बूट. मग मैदानाचं भाडं, डॉक्टरचा खर्च, प्रशिक्षकाचं मानधन. उरलेल्यात बाहेरचा एक खेळाडू बसतोय, दोन नाही. एकच आणायचा ठरलं, पण चर्चा करून गोलकीपर आणणार आहोत, स्ट्रायकर नाही. पुढं आपलीच दोन पोरं खेळवू. मला आतनं भीती आहे. लोक शिव्या घालतील. पण या वेळी कर्जाच्या कागदावर कुणीच सही केली नाही.

सांगलीकर भावा, पुतण्या विचारतोय: आजोबांनी ते शेअर अजून ठेवलेत का विकले?

रुहरकाठचा_सांगलीकर

ठेवलेत. त्याच ड्रॉवरमध्ये. या शनिवारी त्यांचा गुडघा बरा नाही, तिकीट माझ्याकडे आहे. आजोबांना तुमच्या २२ जोड बुटांचं सांगितलं, त्यांनी मापं काय आहेत विचारलं. पुतण्याला म्हणावं, कट्ट्यावरून फोटो पाठवतो.